प्रॉम: हा शब्द नेमका आला कुठून?

मृण्मयी_रेडिंग
मंडळी, एक प्रश्न आहे. हसू आलं तर हसा, पण उत्तरही द्या.

लेक यंदा इयर इलेव्हनला, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावीला. जीसीएसईचे पेपर संपले की लगेच शाळेचा प्रॉम. घरात परीक्षेचं नाव कमी आणि प्रॉमचं जास्त निघतं. ड्रेस आला, तो कमरेत सैल निघाला, आता बुटांच्या टाचेवरून वाद चालू आहे. रविवारी सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नातीने हौसेने ड्रेस दाखवला. त्या म्हणाल्या, "प्रॉम म्हणजे गं काय?" ती म्हणाली, "शाळेतला डान्स असतो आजी." "मग डान्सच म्हणा की. प्रॉम कशाला?" यावर आम्ही दोघी गप्प.

मग मलाच भुंगा लागला. इथे इंग्लंडात ब्लॅकपूल, बोर्नमथला समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्याला लोक प्रॉम म्हणतात. उन्हाळ्यात लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीचे प्रॉम्स, म्हणजे संगीताच्या मैफली असतात, तिथे कोणी नाचत नाही. आणि तिसरा हा शाळेचा. हे तिन्ही एकाच घरातले की आडनावबंधू? शिवाय माझी बहीण मेलबर्नला असते, तिच्या मुलाच्या शाळेत याच प्रकाराला 'फॉर्मल' म्हणतात. जाणकारांनी उजेड पाडावा.

पावशेर
प्रेम + रोम = प्रॉम. व्युत्पत्ती संपली, धागा बंद करा. (दिवे घ्या)

शंकासुर
प्रॉम म्हणजे प्रॉमिस. पूर्वी त्या रात्री मुलगा मुलीला लग्नाचं वचन द्यायचा, म्हणून. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर आलं होतं.

निशिगंधा
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'प्रमोद'वरून आलाय असं येईल बघा. प्रमोद म्हणजे आनंद. सगळं मूळ संस्कृतच.

कोशकीटक
शंकासुर, वचनाचा इथे काही संबंध नाही. प्रॉम हा 'प्रोमेनाड' या शब्दाचा पुढचा तुकडा आहे आणि मृण्मयीताईंनी सांगितलेले तिन्ही प्रॉम त्याचेच.

प्रोमेनाड फ्रेंच. 'प्रोमने' या क्रियापदाचा अर्थ फिरवून आणणं, आणि स्वतःलाच फिरवून आणलं की झाला फेरफटका. आपण हवा खायला जातो ते हेच. चालण्याच्या क्रियेलाही प्रोमेनाड आणि जिथे चालायचं त्या जागेलाही प्रोमेनाड. म्हणून ब्लॅकपूलचा किनारा प्रॉम, आणि म्हणूनच आपल्या कार्टर रोडच्या नि पुदुच्चेरीच्या समुद्राकाठाला ते नाव. पण युरोपातल्या भल्या लोकांचं हे हवा खाणं म्हणजे जेवणानंतरची शतपावली नव्हे. ठेवणीतले कपडे घालून निघायचं, ओळखीच्यांना टोपी उचलून नमस्कार करायचा, कोण कोणाबरोबर आलंय ते बघायचं आणि आपण कोणाबरोबर आलोय ते दाखवायचं. दिसणं हाच त्यातला कार्यक्रम.

बॉल म्हणजे थाटाचा नाचाचा समारंभ. त्याच्या आरंभी सगळ्या जोडप्यांनी हातात हात घालून दालनाला फेरी मारायची पद्धत होती. तो ग्रँड मार्च. स्क्वेअर डान्स या जोड्यांच्या लोकनृत्यात आजही पुकारणारा 'प्रोमेनाड' म्हणाला की जोड्या नाचायचं थांबवून गोल चालू लागतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कॉलेजांत एकोणिसाव्या शतकात अशा समारंभी संध्याकाळी होत, येल विद्यापीठाचा 'ज्युनिअर प्रोमेनाड' त्यातला नावाजलेला. कॉलेजची पोरं पूर्ण शब्द कशाला उच्चारतील? १८९०च्या दशकात 'प्रॉम' हे तुटकं रूप तिथे रुळलेलं दिसतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तो कॉलेजातून हायस्कुलात उतरला.

आता खरी मजा. 'प्रोमने'तला 'मने' म्हणजे नेणं. तो आला उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'मिनारे'वरून, आणि मिनारे म्हणजे गुरं हाकणं. त्याच्याही मागे 'मिनारी', म्हणजे धमकावणं. इंग्रजीतला 'मेनेस' याच घरातला. थोडक्यात, प्रॉमच्या मुळाशी गेलात तर तिथे कोणीतरी हातात काठी घेऊन गुरं पुढे हाकतंय.

पावशेर
हाकण्याचा अर्थ बदललाय का, ते दहावीच्या वर्गशिक्षकांना विचारून बघा.

निशिगंधा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). कोशकीटक, वाचनखूण साठवली.

शंकासुर
पण प्रॉमिसही पटतं हो. वचन दिल्याशिवाय कोणी एवढा खर्च करेल का?

नानबा
मृण्मयी, अल्बर्ट हॉलबद्दल मी सांगतो. इथे लंडनात माझी हयात गेली आणि प्रॉम्सना मी उभं राहून पाय मोडून घेतलेत.

पूर्वी लंडनच्या व्हॉक्सहॉलसारख्या बागांमधून वाद्यवृंद वाजायचा आणि लोक इकडेतिकडे फिरत, खातपीत ऐकायचे. ती प्रोमेनाड कॉन्सर्ट. तीच तऱ्हा सभागृहात आणली गेली. आजचे प्रॉम्स सुरू झाले १० ऑगस्ट १८९५ रोजी, लँगहॅम प्लेसच्या क्वीन्स हॉलमध्ये. रॉबर्ट न्यूमन हा व्यवस्थापक आणि हेन्री वुड हा तरुण संचालक. मधल्या खुर्च्या काढून टाकल्या, तिकीट एक शिलिंग. खाणं, पिणं, विड्या ओढणं सगळं चालायचं, फक्त गाणं चालू असताना काड्या ओढू नका अशी विनंती असायची. न्यूमनचा हेतू असा की ज्यांनी कधी शास्त्रीय संगीत ऐकलं नाही त्यांनी आत यावं, आधी सोपं ऐकावं, मग हळूहळू अवघड. १९२७ला बीबीसीने ते हातात घेतलं. १९४१च्या मे महिन्यात बॉम्ब पडून क्वीन्स हॉल जळाला, तेव्हा बिऱ्हाड अल्बर्ट हॉलमध्ये आलं. आजही मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून ऐकणाऱ्यांना प्रॉमर म्हणतात. आता मात्र जागचं कोणी हलत नाही. शेजारच्याने खोकला काढला तरी माना वळतात.

आणि शाळेच्या प्रॉमचं म्हणाल तर तो इथला नव्हेच. ऐंशीच्या दशकात माझी मुलं शाळेत होती तेव्हा 'लीव्हर्स डिस्को' असायचा. शाळेच्याच हॉलमध्ये, ऑरेंज स्क्वॉश आणि क्रिस्प्स, साडेनऊला घरी. प्रॉम हा शब्द गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकन सिनेमा-मालिकांतून आला. म्हणजे इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेला शब्द अमेरिकेला गेला आणि गाऊन घालून परत आला.

खडूसराव
शब्द कुठूनही येवो, बिल आपल्याकडे येतं. ड्रेस, बूट, केस, नखं, लिमोझिन, फोटोग्राफर. सोळा वर्षांच्या पोरांना ही थेरं कशाला? आमच्या वेळी निरोप समारंभाला एक पेढा नि एक गुलाबाचं फूल मिळायचं आणि मुख्याध्यापक पाऊण तास बोलायचे. काही अडलं नाही कोणाचं.

हिरवी_मिरची
पाऊण तास ऐकून घेतलंत तेव्हापासूनच खडूस झालात का?

विस्कॉन्सिनचा_विठू
कोशकीटक, ग्रँड मार्च फक्त पुस्तकात उरलाय असं वाटलं असेल तर आमच्या गावी या. विस्कॉन्सिन, मिनेसोटातल्या लहान गावांत प्रॉमच्या संध्याकाळी अख्खं गाव शाळेच्या जिममध्ये जमतं. आईबाप, आज्या, शेजारी, दुधाच्या डेअरीवाले, सगळे बाकांवर. माइकवरून नाव पुकारलं की एकेक जोडी कमानीखालून येते, मध्ये थांबते, फोटो होतात, पुढे जाते. यालाच सगळे ग्रँड मार्च म्हणतात आणि मोठ्यांसाठी प्रॉम एवढाच. मग मुलं नाचायला जातात नि मोठी माणसं घरी. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही चौघं मराठी तासभर आधी जाऊन जागा धरून बसलो होतो. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मिशिगन सरोवराकाठच्या रसीन शहराची तर वेगळीच कथा. तिथले रोटरीवाले १९५३पासून प्रॉमनंतरची एकत्र पार्टी भरवतात. शहरातल्या वेगवेगळ्या हायस्कूलचे प्रॉम आटोपले की सगळ्यांनी तिथे जायचं, लाल गालिच्यावरून चालायचं, रस्त्याच्या दुतर्फा लोक बघायला उभे आणि स्थानिक टीव्हीवर थेट प्रक्षेपण. हेतू सरळ होता, पोरांनी रात्री दारू पिऊन गाड्या हाणत फिरू नये. हाकणंच ते, कोशकीटक म्हणतात तसं.

आणखी एक. इथे प्रॉमची तयारी बहुतेक ठिकाणी अकरावीची मुलं करतात. पैसे जमवणं, हॉल ठरवणं, सजावट. बारावीला निरोप अकरावीने द्यायचा. ज्युनिअर प्रॉममधला ज्युनिअर तो.

कर्दळ
अय्या, हे तर आपलंच की. दहावीचा निरोप समारंभ नववीने करायचा! आम्ही नववीत असताना वर्गणी काढून बटाटेवडे केले होते आणि सगळ्या मुली आईच्या साड्या नेसून आल्या होत्या. नाच सोडला तर बाकी सगळं होतं. कोणी कोणाकडे बघायचं तेही ठरलेलं.

मनिलावासी
फिलिपिन्समध्ये याला जेएस प्रॉमच म्हणतात, ज्युनिअर-सीनिअर. अमेरिकन राजवटीचा वारसा. त्यात ठरावीक जोड्या 'कोतिलियो' हा सामूहिक नाच नाचतात, त्याच्या तालमी आधीपासून शाळेतच चालतात. पीटीच्या तासाला.

मेलबर्नकर
फॉर्मल हे साधं विशेषण, पुढचं नाव गळलं आणि विशेषणच नाव झालं. इथे इयर टेनचा वेगळा, ट्वेल्व्हचा वेगळा. आमच्याकडच्या मुलांना प्रॉम म्हटलं तर नाकं मुरडतात, "ते अमेरिकन." पलीकडे न्यूझीलंडमध्ये सरळ 'बॉल'. दक्षिण आफ्रिकेत 'मॅट्रिक डान्स'. मृण्मयी, तुमच्या सासूबाई आफ्रिकेत असत्या तर भांडण झालंच नसतं. डान्सला डान्स म्हणतात आणि मॅट्रिकला मॅट्रिक.

कॉर्कची_काकू
आयर्लंडचं राहिलं. इथे 'डेब्स'. लीव्हिंग सर्टिफिकेटची परीक्षा झाल्यावर, बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. डेब्युटांटवरून आलाय. इंग्लंडच्या बड्या घरांतल्या मुली वयात आल्या की दरबारात राणीपुढे उभ्या करायचे, गुडघा वाकवून नमस्कार करायचा आणि मग तो सीझनभर बॉलला जायला मोकळी, म्हणजे लग्नाच्या बाजारात नाव नोंदलं गेलं. दरबारातली ही प्रथा एलिझाबेथ राणीने १९५८ला बंद केली. शब्द मात्र आयर्लंडच्या शाळांनी उचलला. आता मुलगे पण डेब्सला जातात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पावशेर
म्हणजे डेब्यू. गावसकरने पोर्ट ऑफ स्पेनला केलं तेच.

कॉर्कची_काकू
हो, पण त्याला गाऊन घालावा लागला नाही.

खडूसराव
बघा, काकूंनीच सांगितलं. मुळात लग्नाचा बाजार. गुरांचा बाजार म्हणा हवं तर, व्युत्पत्तीही जुळते.

हिरवी_मिरची
खडूसराव, तुमच्या कांदेपोह्यांना कोणता डेब्यू म्हणायचं?

व्रोत्सवाफचा_वाटसरू
पोलंडमधून लिहितोय. इथे प्रॉमऐवजी 'स्तुद्न्युफ्का'. 'स्तो द्नी' म्हणजे शंभर दिवस. मे महिन्यात मातुरा नावाची शाळान्त परीक्षा असते, तिच्या साधारण शंभर दिवस आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, हा बॉल होतो. म्हणजे जल्लोष परीक्षेच्या नंतर नाही, आधी. मुली लाल रंगाचं अंतर्वस्त्र घालतात आणि तेच परीक्षेला घालून गेलं की पास होतो असा समज. आपल्याकडे दहावीला लकी पेन असतं तसं समजा.

पण मला सांगायचंय ते वेगळं. या बॉलची सुरुवात पोलोनेझने होते आणि पोलोनेझ म्हणजे चालणंच. तीनच्या ठेक्यावर, गुडघा किंचित वाकवत, जोड्यांची रांग. पुढे जाऊन एक जोडी डावीकडे, एक उजवीकडे, मग दोनाच्या चार, मग हातांच्या कमानी नि खालून बाकीचे. शिक्षक पहिल्या जोडीत असतात पुष्कळदा. मुलं त्याच्या तालमी करतात. २०२३ला युनेस्कोने पोलोनेझला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कोशकीटकांचा प्रोमेनाड इथे शब्द न घेता जिवंत आहे.

आल्तिन्याकार
थांबा थांबा. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोनाच्या चार, कमानी... अहो हा आमचा ग्रँड मार्च! गोंयच्या कुठल्याही ख्रिस्ती लग्नात जा. नवरा-नवरी हॉलमध्ये आली, टोस्ट झाला, केक झाला की एमसी (सूत्रसंचालक) माइकवर ओरडायला लागतो आणि जोडप्यांची रांग लागते. पुढे वधूवर, मागे बेस्ट मॅन, ब्राइड्समेड, मग मामा-मामी, काका-काकी, ज्यांना गुडघ्याचा त्रास नाही ते सगळे. बँड मार्च वाजवतो. एमसी सांगेल तसं फुटायचं, जुळायचं, चार-चारच्या ओळी, मध्येच नवरा-नवरीला घेरून गोल. चुकीच्या बाजूला वळलेला एक काका प्रत्येक लग्नात असतोच. वॉल्ट्झ, मसाला वगैरे नंतर.

मी हे लहानपणापासून बघतोय. मुंबईच्या बांद्र्यात, वसईतही आहे. पण त्याचा आणि अमेरिकेतल्या शाळेच्या प्रॉमचा धागा एकच, हे आज कळलं. कोशकीटक बाब, बरें केलेंत.

कोशकीटक
आल्तिन्याकार, फार चांगलं सांगितलंत. युरोपातल्या बॉलच्या रूढी पोर्तुगीज गोव्यात एका वाटेने आल्या आणि येलला दुसऱ्या वाटेने गेल्या. गंमत अशी की अमेरिकेत बहुतेक शाळांत चालणं गळलं आणि नाव उरलं. तुमच्याकडे नाव वेगळं आणि चालणं शाबूत. अमेरिकन प्रॉमला जाणाऱ्या मुलाला विचारा, प्रॉम म्हणजे नाच असंच सांगेल.

नानबा
आणि ग्रँड मार्चमध्ये कोण पुढे, कोण मागे याला फार महत्त्व. बॉलमध्ये पहिली जोडी यजमानांची किंवा मानकऱ्याची. त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे.

आल्तिन्याकार
व्हायचे नाही, होतात.

डलासची_देशपांडीण
सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडूही लिहिते. दिसण्याचा कार्यक्रम म्हटला की कोणाला दिसू द्यायचं नाही हेही आलंच.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक गावांत सत्तरच्या सुमारास गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा कोर्टाच्या आदेशांनी एक झाल्या. मग शाळांनी प्रॉम करणंच सोडून दिलं आणि पालकांनी खासगीत दोन वेगळे प्रॉम चालू केले, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. वर्गात एका बाकावर, नाचाला वेगळे. मिसिसिपीतल्या चार्ल्सटनमध्ये हे २००८पर्यंत चाललं. अभिनेता मॉर्गन फ्रीमन तिथलाच रहिवासी. त्याने १९९७लाच सांगितलं होतं की एकत्र करत असाल तर खर्च माझा. अकरा वर्षांनी होकार मिळाला. त्या वर्षीही काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा केलाच. जॉर्जियातल्या विल्कॉक्स काउंटीत २०१३ला मुलांनी स्वतः पैसे जमवून पहिला एकत्र प्रॉम केला. २०१३ म्हणजे काल-परवाची गोष्ट आहे ही.

त्याआधी १९८०ला ऱ्होड आयलंडमध्ये एका मुलाला आपल्या मित्राला जोडीदार म्हणून न्यायचं होतं, शाळा नाही म्हणाली, तो फेडरल कोर्टात गेला आणि जिंकला. तेव्हा खडूसराव, थेरं म्हणून सोडून देण्याइतकं ते हलकं नाही. ज्यांना आत घेतलं नाही त्यांना विचारा.

खडूसराव
हे माहीत नव्हतं. पण मी म्हणतो तेच तुम्ही दुसऱ्या बाजूने म्हणताय. जोडी असेल तर या, पैसे असतील तर या, रंग बरोबर असेल तर या. असला समारंभ शाळेने करावाच कशाला? पेढा सगळ्यांना मिळायचा.

डलासची_देशपांडीण
पेढा मिळायचा, मान्य. पण तुमच्या वर्गातल्या किती मुलांना त्यासाठी नवा शर्ट नव्हता ते तेव्हा कोणी मोजलं नाही. इथे निदान प्रश्न कोर्टात तरी गेला.

फुलोरा
खर्चावर थोडं. मी इंग्लंडमधल्या शाळेत शिकवते. आमच्याकडे शिक्षकांनी नि पालकांनी मिळून ड्रेसचं कपाट केलंय. एकदा घातलेले गाऊन, सूट तिथे येतात, ज्याला लागेल त्याने न्यायचे, नाव लिहायचं नाही. आता ऐपत असलेल्या मुलीही तिथूनच नेतात, कारण जुन्याची फॅशन आलीय. गावाकडच्या शाळांत लिमोझिनऐवजी ट्रॅक्टरवरून येणारी मुलंही असतात, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनाच. जोडीने यायची सक्ती आमच्याकडे नाही. बहुतेक मुली घोळक्याने येतात आणि मुलगे खाण्याच्या टेबलापाशी उभे राहतात.

कर्दळ
जगात कुठेही जा, मुलगे खाण्याच्या टेबलापाशी.

रच्याकने_राणे
रच्याकने, म्हणजे बाय द वे (हा शब्दही प्रोमेनाडच म्हणायचा का? रस्त्याच्या कडेकडेने!), १९७५ला एक प्रॉम चक्क व्हाइट हाउसमध्ये झाला होता. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मुलगी सुझन मुलींच्या शाळेत बारावीला होती, तिच्या वर्गाचा. ईस्ट रूममध्ये. खर्च मुलींनी स्वतः जमवलेल्या पैशांतून केला. हॉलचं भाडं वाचलं असणार.

पावशेर
आणि वॉचमनही फुकट.

कोशकीटक
शब्दांवर आलोच आहोत तर प्रॉमचा बाकीचा सरंजामही बघा. मनगटाला फुलं बांधतात ते कोर्साज. फ्रेंचात कोर्साज म्हणजे मुळात चोळीसारखा वरचा कपडा, त्यावर टाचायची फुलं म्हणून फुलांनाच ते नाव पडलं, आणि आता ती मनगटावर गेली. टक्सिडोचं नाव न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सिडो पार्कवरून, तिथल्या क्लबात १८८६च्या सुमारास शेपटी नसलेला कोट मिरवायला लागले म्हणून. आणि लिमोझिन फ्रान्सच्या लिमुझें प्रांतावरून. तिथले मेंढपाळ डोक्यावरून जी जाड घोंगडी घेत, तिच्यासारखं गाडीचं छत दिसायचं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

पावशेर
म्हणजे गुरं हाकायची, तीही मेंढपाळाच्या घोंगडीतून. खिल्लारी बैलांना काय कमी होतं?

निशिगंधा
मेले हसून. कोणीतरी याला आवरा.

पुणेरी_पगडी
आपल्याकडच्या इंटरनॅशनल शाळांतही हल्ली प्रॉम नाइट असते. भाचीच्या शाळेत झाली. हॉटेलचा हॉल, डीजे, प्रॉम किंग, प्रॉम क्वीन. दहा वाजता सगळे आईबाप गाड्या घेऊन फाटकाबाहेर रांगेत. मला त्यात वाईट काही दिसलं नाही, फक्त एक खटकलं. फिशपॉन्ड नव्हते! गॅदरिंगला मुलांनी एकमेकांच्या टोप्या उडवायच्या ही आपली चांगली पद्धत आहे. ती ठेवून प्रॉम करा, कोणाची ना नाही.

हिरवी_मिरची
+१. मोदक घ्या. फिशपॉन्डशिवाय निरोप म्हणजे नुसताच निरोप.

शंकासुर
फिशपॉन्डमध्येच आमचं जमलं. वचनही दिलं. तेव्हा प्रॉमिस थिअरी मी सोडणार नाही.

मृण्मयी_रेडिंग
अरे बापरे, दोन दिवस कामात होते तर धागा कुठल्या कुठे! सगळ्यांचे आभार. कोशकीटक, नानबाकाका, आल्तिन्याकार, तुमचं तर छापून ठेवावं असं.

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. गुरांचं टाळलं. नटूनथटून, जोडीजोडीने, सगळ्यांनी बघावं म्हणून चालत जायचं, बँड वाजत असतो, मग आत जाऊन नाचायचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वरातच की." नातीला ते इतकं आवडलं की तिने मैत्रिणींच्या ग्रुपचं नाव 'वरात' ठेवलंय. इंग्रज मुली 'व्हराट' म्हणतात.

आल्तिन्याकार
आजींना माझा नमस्कार सांगा. पहिल्या जोडीत त्यांना उभं केलं पाहिजे.

खडूसराव
वरातीला माझा विरोध नाही. वरातीत जेवण असतं.

नवी_सून_न्यूजर्सी
पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. पुतणीच्या शाळेत प्रॉमशिवाय 'होमकमिंग' नावाचाही डान्स असतो आणि मध्येच एक 'सेडी हॉकिन्स' म्हणून झाला. हे प्रॉमचेच प्रकार का?

विस्कॉन्सिनचा_विठू
नाही, होमकमिंग वेगळं. शाळा सुरू झाल्यावर शरदात, माजी विद्यार्थी परत येतात त्या आठवड्यात. मुख्य काम फुटबॉलची मॅच, डान्स तिच्या शेपटीला. कपडेही प्रॉमपेक्षा साधे. प्रॉम वसंतात, वर्ष संपताना, आणि वरच्या वर्गांसाठी. सेडी हॉकिन्सचं मला नीट सांगता येणार नाही, कोशकीटक आहेतच.

कोशकीटक
सेडी ही 'लिल ॲबनर' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतली बाई, चित्रकार अल कॅपने १९३७ला आणलेली. लग्न जमेना म्हणून तिच्या बापाने गावातल्या सड्या पुरुषांची शर्यत लावली, जो तिच्या हाती सापडेल त्याने लग्न करायचं. त्यावरून कॉलेजांत अशा डान्सची टूम निघाली की त्या दिवशी मुलींनी मुलांना विचारायचं. पुतणीने कोणाला विचारलं ते मात्र तुम्ही विचारू नका.